म्हाताऱ्या कुत्र्याचे पाणी तोडू नका

कुत्रा म्हातारा झाला की घरातली पहिली तक्रार पाण्याची असते. दिवसभर भांड्याला तोंड लावून असतो आणि रात्री दाराशी नाही तर मोरीपाशी लघवी करून ठेवतो, असे घरची बाई सांगते. तिचेही चुकत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे झोपायची, पहाटे नळ आला की उठून पाणी भरायचे, त्यात अंथरुणाचा कोपरा ओला लागला तर कोणाचाही जीव वैतागेल. मग शेजारचा कोणीतरी उपाय सुचवतो, की संध्याकाळनंतर त्याचे पाणीच बंद करा. भांडे उचलून ठेवले जाते. चार-दोन दिवसांत कुत्रा उलट्या करू लागतो, भाकरीला तोंड लावत नाही, कोपऱ्यात पडून राहतो, आणि सगळे म्हणतात, वय झाले, आता काय करायचे?

आम्हाला आज त्या उचलून ठेवलेल्या भांड्याविषयी बोलायचे आहे. म्हाताऱ्या कुत्र्याची वाढलेली तहान ही खोड नव्हे. ती पुष्कळदा मूत्रपिंडाच्या म्हणजे किडनीच्या आजाराची पहिली खूण असते, आणि या आजारात पाणी तोडण्याइतके घातक दुसरे काही नाही.

मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. अंगात तयार होणारी घाण ती लघवीवाटे बाहेर टाकते आणि कामाचे पाणी परत ओढून घेते. निरोगी कुत्र्याची लघवी म्हणूनच दाट, पिवळी असते. गाळणीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग निकामी झाला, की पाणी परत ओढण्याची ताकद जाते. लघवी पाण्यासारखी पातळ आणि भरपूर होऊ लागते. अंगातले पाणी असे वाहून गेले की तहान लागणारच. म्हणजे घरात आपण जे समजतो त्याच्या उलट प्रकार आहे. तो जास्त पितो म्हणून जास्त मुतत नाही. लघवीवाटे पाणी जाते म्हणून त्याला प्यावे लागते. भांडे उचलले तरी लघवी थांबत नाही, फक्त अंग सुकत जाते. सुकलेल्या अंगात रक्ताचा पुरवठा कमी पडतो आणि उरलेली गाळणीही झपाट्याने खराब होते.

जो भाग मेला तो परत उगवत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण "महिन्यात किडनी नवी करून देतो" म्हणणारे पुडीवाले रस्त्यावर बसलेलेच आहेत. नजर उतरवणारे आणि दोरा बांधणारेही आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्यांच्याविषयी आम्ही काही लिहावे असे वाटत नाही. परंतु मेलेला भाग परत येत नसला, तरी उरलेला भाग पुष्कळ दिवस टिकवता येतो. आजार लवकर हाती लागला तर अशी कुत्री वर्ष-दोन वर्षे, काही तर त्याहूनही अधिक, शेपटी हलवत जगतात. ते बरेचसे घरातल्या माणसांच्या हातात असते.

आधी पाणी मोजा

कुत्रा नेमके किती पितो हे अंदाजाने सांगू नये. एक लिटरची बाटली घ्यावी, सकाळी भांड्यात मोजून पाणी ओतावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी किती संपले ते पाहावे. साधारणपणे वजनाच्या दर किलोला ५० ते ६० मिलिलिटर पाणी निरोगी कुत्र्याला पुरते. किलोला १०० मिलिलिटरच्या वर गेले तर ते जास्त समजावे. म्हणजे वीस किलोचा गावठी कुत्रा रोज दोन लिटरपेक्षा जास्त पीत असेल तर काहीतरी बिघडले आहे. विदर्भातल्या मे महिन्यात हा हिशेब थोडा सैल धरावा लागेल, हे उघड आहे. वजनासाठी भंगारवाल्याचा काटा चालतो. नाहीतर घरातल्या कोणी आधी एकट्याने आणि मग कुत्र्याला उचलून वजन करावे व वजाबाकी करावी.

हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना द्यावे असे आम्ही सुचवतो. एक जुनी वही घ्यायची, तिच्यात तारीख, पाणी, खाणे, उलटी झाली की नाही, आणि दर आठवड्याला वजन लिहायचे. डॉक्टरपुढे ही वही ठेवली की "बरेच दिवस झाले", "जरा कमी खातो" असल्या मोघम बोलण्याची गरज उरत नाही.

तहानेबरोबर आणखी काही खुणा असतात. पाठीचे मणके आणि बरगड्या दिसू लागतात, केस रुक्ष होतात, खाण्याकडे जाऊन नुसते हुंगून परत येतो. तोंडाला लघवीसारखा उग्र वास येतो, हिरड्या फिक्या पडतात, पुढे तोंडात फोड येतात. पण या खुणा दिसेपर्यंत थांबू नये. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर गाळणीचा तीन-चतुर्थांश भाग बहुधा गेलेला असतो. लघवीची तपासणी त्याआधी बोलते.

आणखी एक गोष्ट. नुसती तहान वाढली म्हणजे मूत्रपिंडच गेले असे नाही. मधुमेहात तहान वाढते. पिशवी न काढलेल्या म्हाताऱ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला तरी ती खूप पाणी पिते. तो तर तातडीचा आजार असून शस्त्रक्रियेने बरा होतो. आणि पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो आहेच. तो कुत्र्याचे मूत्रपिंड अचानक बंद पाडतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ पाहिली आहे. म्हणून आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नये. हातात प्लास्टिकची पिशवी घालावी, फरशी जंतुनाशकाने धुवावी, पायाला जखम असेल तर जपावे. घरात कोणाला जोराचा ताप आला तर दवाखान्यात "घरी कुत्रा आजारी आहे" हे आवर्जून सांगावे. लेप्टोची लस कुत्र्याला दरवर्षी द्यायची असते.

दवाखाना आणि खर्च

तालुक्याचा गुरांचा सरकारी दवाखाना कुत्र्यांनाही तपासतो, हे पुष्कळांना माहीत नसते. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ पासून चालू आहे. त्याच आवारात १८८६ साली निघालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि परभणीलाही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जेथे विद्यार्थी शिकतात तेथे रांग लांब असते, पण तपासणी नीट होते. जाताना सकाळची पहिली लघवी घेऊन जावी. कुत्रा पाय वर करतो तेव्हा स्वच्छ उथळ ताटली खाली धरायची आणि लगेच कोरड्या स्वच्छ बाटलीत ओतायची. पहिल्या दिवशी जमले नाही तर दुसऱ्या दिवशी जमते.

क्रिएटिनिनच्या आकड्यावरून आजाराचे चार टप्पे धरतात. १.४ ते २.८ पर्यंत दुसरा, २.९ ते ५ पर्यंत तिसरा आणि ५ च्या वर चौथा. पहिल्या टप्प्यात हा आकडा वाढलेला नसतो, लघवीत किंवा सोनोग्राफीत मात्र बिघाड दिसतो. अंग सुकलेले असताना काढलेला आकडा फुगलेला असतो. म्हणून सलाईन देऊन अंगात पाणी भरल्यावर पुन्हा एकदा तपासल्याशिवाय चौथा टप्पा म्हणून हाय खाऊ नये.

हा विषय वस्तीत काढला की एखादे आजोबा ठणकावून विचारतात, "आरं, माणसाला पाणी मिळत नव्हतं तवा कुत्र्याला मिळत हुतं. आता आपल्या तोंडचा घास काढून त्याच्या औषधाला घालायचा व्हय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आमच्या वाडवडिलांना तेथे बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात गांधीजींशी भेट झाली तेव्हाही, जेथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा हीन वागवतात तो देश माझा कसा, असा सवाल त्यांनी केला होता. पण तो सवाल माणसाला होता, कुत्र्याला नव्हता. ज्यांनी तळ्याच्या काठी माणूस आणि जनावर यांची तुलना केली त्यांचा तो दोष. खुद्द बाबासाहेबांना कुत्र्यांची मोठी आवड होती, हे त्यांच्या सहवासात राहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे. सम्राट अशोकाने तर आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्हींची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले. औषधी झाडे जेथे नव्हती तेथे आणून लावली, रस्त्याकडेला विहिरी खोदल्या, आणि त्या पशूंसाठी व माणसांसाठी असे स्पष्ट म्हटले. पाणी तोडणे म्हणजे काय हे ज्या समाजाने भोगले, त्याला भांड्याची गोष्ट जास्त सांगावी लागू नये असे आम्हाला वाटते.

आजोबांच्या प्रश्नाचा पैशाचा भाग मात्र खरा आहे. मुलांची फी आणि आईचे औषध यांच्या आधी कुत्रा येत नाही, आणि तसे म्हणण्यात लाज नाही. म्हणून खर्चाची रांग लावावी. आधी लघवी आणि रक्तातले क्रिएटिनिन व फॉस्फरस. मग खाण्यातला बदल, ज्याला जवळजवळ खर्च नाही. मग जमल्यास रक्तदाब आणि लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांची तपासणी, कारण या दोन्ही गोष्टी उरलेली गाळणी कुरतडत असतात आणि दोन्हींवर गोळ्या आहेत. अॅम्लोडिपिन, एनॅलाप्रिल यांसारखी औषधे माणसांचीच असल्याने जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळू शकतात. पण ती डॉक्टरने वजनावरून लिहून दिलेल्या मात्रेतच द्यावीत. आजीची गोळी अर्धी करून देऊ नये. रंगीत बाटल्यांतली ताकदीची टॉनिके रांगेत सर्वांत शेवटी, आणि खरे म्हणजे रांगेबाहेरच ठेवावीत.

वाटीत काय घालावे

आपल्याकडे अशक्त माणसाला पायाचे सूप आणि कलेजी देतात, तीच माया कुत्र्यावर केली जाते. खाटकाकडून हाडे, मुंड्या, काळीज, कोंबडीचे पाय आणायचे, वर उरलेली सुकट टाकायची. तरण्या कुत्र्याला त्यातले काही चालून जाईल, पण या आजारात हेच बाधते. मूत्रपिंड अधू झाले की रक्तात फॉस्फरस साठते, आणि साठलेले फॉस्फरस मूत्रपिंड आणखी खराब करते. हाडे, काळीज-वजडी, अंड्याचा पिवळा बलक, दूध, सुके मासे यांत ते भरपूर असते. सुकट-बोंबलात मीठही असते.

कमी फॉस्फरसचे साधे अन्न म्हणजे मऊ शिजवलेला पांढरा भात आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. भात पोटभर, त्यात पांढरा बलक, थोडे बिनहाडाचे चिकन, एखादा चमचा तेल आणि शिजवलेला दुधी भोपळा. मीठ, कांदा, लसूण अजिबात नाही. चिकनचे बारीक तुकडे करून भरपूर पाण्यात उकळावे आणि ते पाणी टाकून द्यावे, कारण फॉस्फरस त्या पाण्यात उतरते. रस्सा द्यावा असे मनात येईल, पण देऊ नये. प्रथिने पूर्ण बंद करणेही चूक आहे, त्याने मांस झडते. नुसत्या भातावरही कुत्रा टिकत नाही. घरच्या अन्नात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे कमी पडतात, ती किती आणि कशातून भरायची ते डॉक्टरला विचारावे. मूत्रपिंडाच्या कुत्र्यांसाठी तयार खाद्याच्या पिशव्या मिळतात आणि त्या चांगल्या असतात, पण महाग असतात. परवडत असतील तर घ्याव्यात, नसतील तर उधारी करू नये.

नवे अन्न एकदम देऊ नये. आठ-पंधरा दिवसांत जुन्यात नवे मिसळत जावे. आणि मळमळ चालू असताना नवा पदार्थ पुढे करू नये, त्या पदार्थाची त्याला कायमची शिसारी बसते. आधी उलटीचे औषध, मग अन्न बदलणे. दिवसाचे दोन वेळचे खाणे चार वेळा थोडे थोडे द्यावे, किंचित कोमट केले तर वास येऊन तो खातो. आहारानेही फॉस्फरस उतरले नाही तर डॉक्टर ते बांधून ठेवणारे औषध देतात. ते जेवणातच कालवायचे असते, उपाशीपोटी देऊन उपयोग नाही.

द्राक्षे आणि मनुका निरोगी कुत्र्याचेही मूत्रपिंड बंद पाडू शकतात. नाशिक-सांगलीकडच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे. बागेत कामाला गेलेली माणसे ओंजळभर द्राक्षे घरी आणतात आणि मुले लाडाने कुत्र्याला भरवतात. त्यांतले टार्टरिक आम्ल याला कारण असावे असे आता मानले जाते. ते चिंचेतही असते, तेव्हा आंबटगोड आमटीचा उरलेला भातही नको.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्यांविषयी तर आम्हाला हात जोडून सांगायचे आहे. म्हातारा कुत्रा लंगडतो, म्हणून घरातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा निमेसुलाइडची गोळी भाकरीत दडवून देतात. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात. डायक्लोफेनॅक किती जहाल आहे ते गिधाडांनी दाखवले. हे औषध दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडली आणि देशातली बहुतेक गिधाडे संपली. गुरांसाठी त्या औषधावर भारतात २००६ साली बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही आली. लंगडण्यावर कुत्र्यांना चालणारे उपाय आहेत, ते विचारून घ्यावेत.

घरी सलाईन

आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गेला की पिऊनही अंगातले पाणी पुरत नाही. मग डॉक्टर खांद्यामागच्या सैल कातडीखाली सलाईन द्यायला सांगतात. रोज रिक्षा करून दवाखान्यात नेणे परवडत नाही, पण हे घरच्या माणसाला शिकता येते. आमच्या घराघरांतून आया, वॉर्डबॉय, परिचारिका म्हणून राबलेल्या बायका-माणसे आहेत, त्यांचा हात तर आधीच तयार असतो. येथे शीर शोधायची नसते. बाटली खुंटीला टांगायची, कातडी चिमटीत धरून तिच्याखाली सुई घालायची. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली तर कुत्रा शांत बसतो. खांद्यावर पाण्याचा फुगा येतो, तो काही तासांत जिरतो. दर वेळी सुई नवी. किती द्यायचे ते डॉक्टरच ठरवतील. जास्त दिले तर हृदयावर ताण येतो आणि धाप लागते, त्यामुळे "अजून थोडे जाऊ दे" असे करू नये.

रात्रीच्या लघवीचेही बोलले पाहिजे, नाहीतर ते भांडे पुन्हा उचलले जाईल. झोपण्यापूर्वी शेवटचे बाहेर नेणे थोडे उशिरा करावे आणि पाणी भरायला उठल्यावर पहिल्यांदा त्याला बाहेर काढावे. जागा ठरवून जुने गोणपाट किंवा वर्तमानपत्रे अंथरावीत. तेथे लघवी केली तर मारू नये, त्याला आवरत नाही. दुपारी पत्र्याच्या घरात तापते, तेव्हा भांडे सावलीत आणि शक्य तर दोन ठिकाणी ठेवावे.

काही घरांतून असा कुत्रा गोणीत घालून दूरच्या बाजारात सोडून येतात. नव्या जागी त्याला पाणी कोठे आहे हे माहीत नसते, तेथली कुत्री जवळ येऊ देत नाहीत, आणि या आजारात दोन दिवस पाणी नसणे म्हणजे मरणच. उपासमार व तहान होईल अशा रीतीने जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी आम्ही हेच लिहिले असते.

शेवटी एक दिवस असा येतो की तो उठत नाही, औषध देऊनही उलटी थांबत नाही, पाण्याकडेही पाहत नाही. डॉक्टर सुई देऊन सोडवण्याविषयी विचारतात आणि घरात पंचशीलातले पहिले शील आठवते. याबाबत भिक्खूंतही एकमत नाही. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. तो भेद या प्रसंगाला जसाच्या तसा लागू होतो असा आमचा दावा नाही, पण विचार करायला तो उपयोगी पडतो. घर लहान, त्रास फार, म्हणून घाई करणे वेगळे, आणि उपाय संपल्यावर तळमळ संपवणे वेगळे. ज्या घराने वेदनेचे औषध देत, कूस बदलत, ओल्या फडक्याने तोंड पुसत नैसर्गिक मरणाची वाट पाहिली त्याला आम्ही नावे ठेवणार नाही, आणि ज्याने डॉक्टरला बोलावले त्यालाही नाही. फक्त निर्णय रागाच्या भरात किंवा रात्री दोन वाजता घेऊ नये. वही उघडून गेल्या आठवड्यात चांगले दिवस किती होते ते मोजावे, आणि डॉक्टरला सरळ विचारावे की अजून काही करण्याजोगे आहे काय. सुई द्यायची ठरली तर आधी गुंगीचे औषध द्यायला सांगावे आणि ओळखीचे माणूस त्याच्या डोक्याशी बसावे.

मुलांना "गावाला पाठवला" असे सांगू नये. ती वाट पाहत राहतात. मेला हे सांगावे, कशाने मेला तेही सांगावे. लेप्टोची शंका असेल तर त्याचे अंथरूण जाळून टाकावे आणि भांडी जंतुनाशकाने धुवावीत.